दोरीवरचं यान

थेरगावच्या रंगरावांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासली. केसाएवढा फरक दिसला की त्या भागावर नापासाचा लाल ठिपका. मशिनवरची माणसं "चालवून घ्या ना साहेब" म्हणत काकुळतीला यायची, पण या गृहस्थाने जन्मात काही चालवून घेतलं नाही. घरी बायकोच्या, सुमनताईंच्या, पोळ्यांनाही सूट नव्हती.

त्यांची नजर नरम पडायची ती एकाच ठिकाणी. परग्रहावरचे स्वस्तातले सिनेमे! तरुणपणी व्हिडिओ पार्लरमध्ये लागलेलं हे वेड. राक्षसाच्या पाठीला चेन दिसतेय, चंद्रावरचा दगड टेकल्याबरोबर चेपतोय, तरी नट जीव तोडून किंचाळतोय. रंगराव पोट धरून हसायचे आणि पुढच्या क्षणी खऱ्या काळजीने सरसावून बसायचे. मला विचाराल तर, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून शिणलेल्या माणसाला चुका न लपवणारे लोक बघून बरं वाटत असणार.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच तसला सिनेमा काढला. भंगारातल्या दोन हेडलाइटचं यान, मोबाइलचा कॅमेरा आणि डोक्यावर चाळणी घातलेल्या सुमनताई परग्रहाच्या राणी. गच्चीवर यान उतरत असताना दोरी तुटली. सुमनताईंनी ते हातात झेललं आणि "मानवांनो, शरण या!" हे वाक्य न अडखळता पुरं केलं. यानाची काच मात्र चाळणीवर आपटून तडकली, त्यामुळे पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं. तो तुकडा कापावा, तर सिनेमात यान उतरतच नव्हतं. रंगरावांनी तीन दिवस डोकं धरलं आणि नाइलाजाने तो तसाच ठेवला.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा बघायला कंपनीची जुनी मंडळी जमली. पहिल्या रांगेत रंगरावांना मशिनवरचा गोरक्ष दिसला. गोरक्षच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी त्याचा अख्खा लॉट नापास करून त्याला थांबवून घेतलं होतं. तो घरी पोचला तेव्हा पाहुणे हात धूत होते. त्यानंतर कामापलीकडे तो एक शब्द बोलला नव्हता. आज हा सगळी कसर भरून काढणार, रंगरावांना खात्रीच वाटली.

पडद्यावर दोरी तुटली तसा हॉल हसून हसून लोळला. गोरक्ष तेवढा हसला नाही. दिवे लागल्यावर तो सरळ समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, यान पडलं."

"हो."

"ताईंनी झेललं. अन् तुमी त्ये तसंच ठिवलं?"

"चालवून घे, गोरक्ष," रंगराव म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचे त्यांनाच ते ऐकू आले, आणि त्यांची मान खाली गेली. "त्या दिवशी तुला सोडायला हवं होतं रे. चुकलंच माझं."

गोरक्षचे खांदे हलायला लागले. "एकतीस वर्सं 'चालवून घ्या' हेच म्हनत हुतो की आमी तुमाला!" म्हणत तो डोळे पुसत हसला. "घेतलं चालवून. पन पुढच्या पिक्चरचं यान मी करनार. दोरी न्हाई, तार लावू."

रंगरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांना इतकं हलकं वाटलं की जुनी सवय लगेच उसळून वर आली. "मापं मात्र मी तपासणार हं!"

"न्हाई," गोरक्ष म्हणाला. "मापं ताई तपासतील."