दुभाजकातली वाट

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या गल्लीत नारळ फुटला, पण तो माझ्यासाठी नव्हता. संभाजीनगरात, पुंडलिकनगरच्या आमच्या कॉलनीसमोरचा दुभाजक त्याच सकाळी शेजारच्या शिंदेकाकांनी चारचौघांना घेऊन घणाने फोडला होता. पलीकडे जायचं तर पार पुढच्या चौकातून वळून यावं लागायचं. अर्ज करकरून सगळे थकले, मग गाडी जाईल एवढी वाट त्यांनीच पाडली. अशा वाटेला आमच्याकडे कट म्हणतात. कटला हळदीकुंकू वाहिलं, पेढे वाटले. संध्याकाळी मला मुंबईला विमानासाठी नेणारी ट्रॅव्हल्सची बस पलीकडच्या बाजूला आली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग खांद्यावर घेतली, मोकळा हात वर करून गाड्या थोपवल्या आणि कटमधून थेट पलीकडे. "आता चौकापर्यंत जायचं काम नाय," ते खुशीत म्हणाले. आई मात्र रडत होती. "दोन-तीन वर्षं ऱ्हा अन् ये परत. लई दिवस नको लावू."

दोन-तीन वर्षांची किती होतात, हे माझ्यासारखं ज्यांनी घर सोडलं त्यांना सांगायला नको. नेदरलँड्समधल्या एका मध्यम आकाराच्या गावात मी नोकरी केली, लग्न केलं, इरा झाली. सुरुवातीला झेब्रा क्रॉसिंगवर माझी फार पंचाईत व्हायची. गाडी थांबली की मी ड्रायव्हरला हाताने खुणावायचे, जा बाबा तू आधी. तो मला खुणावायचा, तुम्ही जा. दोघंही ताटकळत. आता बसला जरा उशीर झाला तरी मी चिडते आणि मग माझंच मला हसू येतं. बजाजनगरला मावशीकडे जाताना रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर लटकत जाणारी मीच की ती! इरा तर एकटी सायकलवर शाळेत जाते. तिला त्यात काही विशेष वाटत नाही.

तरी मला परत यायचं होतं. हे स्पष्टच सांगते, कारण गेलेले सगळे सुखात असतात असं मागे राहिलेल्यांना उगाच वाटतं. इराचं मराठी माझ्या डोळ्यांदेखत आटत चाललं होतं. संभाजीनगरच्याच एका कंपनीत मला नोकरी मिळत होती, नवरा तयार होता, आप्पांनी आमच्यासाठी वरचा मजलाही बांधून ठेवला होता. उन्हाळ्यात यायचं पक्कं झालं आणि आईने अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

मग आप्पांना अपघात झाला. निवृत्त झाल्यापासून ते सिटी बसने छावणी भागात जुन्या मित्राकडे गप्पा मारायला जायचे. बसथांबा रस्त्याच्या पलीकडे. नेहमीसारखा हात वर करून ते कटमधून निघाले. गाड्या ज्या दिशेने यायला हव्यात तिकडे त्यांचं लक्ष होतं. मोटारसायकल उलट्या बाजूने आली. चालवणारा कुणी परका नव्हता, मागच्याच गल्लीतला. कामावरून घरी येताना कट गाठायला सगळे जसे उलटे येतात, तसाच आला. आप्पांचा खुबा मोडला.

मी इराला तिच्या बाबांकडे ठेवून धावत आले. आप्पा ऑपरेशन होऊन घरी आल्यावर चार दिवसांनी शिंदेकाकांकडे गेले. म्हटलं, तो कट बुजवा, आणि इथे सिग्नल आणि नीट क्रॉसिंग मागायला सगळे मिळून जाऊ. काकांनी चहा दिला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, तुझं पटतंय मला," ते म्हणाले. "पण हा बुजवला तर लोकं पुढं दुसरा फोडतेत. वाण्याच्या दुकानापाशी फोडला बी."

मी घरी येऊन तणतणले. वाटलं, निदान आप्पा तरी माझ्या बाजूने बोलतील. ते पलंगावरून म्हणाले, "कट बंद करायचं नाव काढू नको. लोकांनी जायाचं कुठून?"

"अहो आप्पा, हाड तुमचं मोडलंय!"

"व्हय, माझं मोडलंय. म्हणून गल्लीची वाट बंद करायची का?"

कुणा नालायक माणसाशी भांडायचं असतं तर मी भांडलेही असते. इथे सगळी माझीच माणसं होती, आणि ज्यांचं हाड मोडलं तेही कटच्याच बाजूने होते.

दुसऱ्या दिवशी तपासणीला नेलेल्या आप्पांना मी रिक्षाने दवाखान्यातून परत आणत होते. मी रिक्षावाल्याला बजावलं, चौकातून वळून घ्या. तो म्हणाला, "मॅडम, उधर से लई फेरा पडता." मी हट्ट धरला. पण खड्डा आला की आप्पा दात आवळून कण्हायचे. थोडं पुढे गेल्यावर मीच म्हणाले, "जाऊ द्या, इथूनच घ्या." आम्ही उलट्या बाजूने, हॉर्न वाजवत, कटमधून घरी आलो.

निघायच्या दिवशी आई माझी बॅग भरत होती. वर न बघताच म्हणाली, "वरच्या मजल्याला भाडेकरू बघितलाय. तू येऊ नको."

"अगं, ठरलंय ना आपलं?"

"तुझी पोर तिकडं सायकलवर शाळंत जाती. इथं मी तिला दाराबाहीर बी सोडायची नाय. कोणाकोणाच्या हाडाकडं बघू मी? आप्पाचं मी बघते. तू येऊ नको."

मी नोकरीला नकार कळवला. गल्लीतल्या लोकांनो, तुमच्यावर माझा राग नाही. राग धरायला काही सुधारेल अशी आशा तरी लागते. आणि माझ्यासारखे जे गेलात, त्यांना एवढंच विचारते, तुमचंही असं झालं का? आईचं ते बोलणं ऐकून मी भांडायला हवं होतं, गळ्यात पडायला हवं होतं. मी नुसती हो म्हणाले. घर आता माझ्यासाठी एवढंच उरलं आहे. जिथे आई मला येऊ नको म्हणाली आणि ते ऐकून मला आधी हायसं वाटलं, ती जागा. रडू नंतर आलं.