सारवलेल्या अंगणातला खुनी

चाळिशी उलटल्यावर लेखणी उचलण्याचे धाडस केले, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. एका फ्रेंच रहस्यकथाकाराच्या कादंबऱ्यांवर बोलपट निघतात असे वाचून मलाही उमेद आली आणि रत्नागिरीतली शिक्षकी सांभाळून मी एक रहस्यकथा रचली. तीत अंगणातल्या पावलांच्या ठशांवरून गुप्तहेर खुनी पकडतो. मासिकाकडे धाडण्यापूर्वी ती पत्नीला वाचून दाखवली.

“अहो, ठसे राहतील कसे?” ती हसू लागली. “तुमचा गुप्तहेर दुपारी उगवतो. तोवर घरातल्या बाईने अंगण सारवलं नसेल होय?”

“मग खुनी सापडायचा कसा?” मी हताशपणे विचारले.

“ठसे पुसायला त्यालाच सारवू द्या. पुरुषाने सारवलेलं अंगण मी रस्त्यावरून ओळखीन!”

तो शेवट संपादकांना फार आवडला आणि कथा माझ्या नावाने छापून आली. ती दोघांच्या नावाने छापायला हवी होती का?