नष्ट करायच्या फायली

डांबरगोळ्यांचा वास आला, की मुलुंडच्या कारखान्यातली आमची कोंदट रेकॉर्डरूम आठवते. ऐंशीच्या दशकात मी तिथे कारकून होते. एका दुपारी जुन्या फायली नष्ट करायला काढल्या होत्या. गठ्ठा बांधताना एक फाईल सुटली. आत कामगारांच्या छातीच्या तपासणीचे अहवाल होते आणि प्रत्येकावर लाल शाईत शेरा होता, ‘फुप्फुसे खराब. कामगारास कळवू नये.’ तिसरं नाव भट्टीवर काम करणाऱ्या माझ्या भावाचं होतं. म्हातारे रेकॉर्डकीपर दाराकडे बघत हळूच म्हणाले, “वाचत बसू नको, पोरी. बांध आणि मोकळी हो.” मी भावाचा कागद पदराआड लपवला आणि बाकीचा गठ्ठा घट्ट बांधून दिला. भावाला वेळेवर उपचार मिळाले, आज तो नातवंडं खेळवतो. उरलेली नावंही मी वाचली होती, पण त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी गेले नाही.