काचेत येणाऱ्यांची परवानगी

एखाद्या खिडकीचा फोटो काढायचा असला की मावशी आधी त्या घराची बेल वाजवत. "नमस्कार. तुमच्या खिडकीचा फोटो काढू का?" दार उघडणारा माणूस त्यांच्याकडे बघे, मग त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बघे आणि बहुतेक वेळा विचारी, "का? काय झालं?" मुंबईत कोणी अनोळखी माणूस खिडकीबद्दल बोलायला आला, तर लोकांना गळती, कबुतरं किंवा महापालिका एवढंच सुचतं. "काही झालं नाही, छान आहे म्हणून," मावशी सांगत. इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण त्यानंतर त्या रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत जात आणि तिथलीही बेल वाजवत. "त्यांच्या काचेत तुमची गॅलरी येते. चालेल ना?"

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे खिडकीबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणे. वाशीम जिल्ह्यातून एम.एस्सी.ला मुंबईत आले, तेव्हा कॉलेजातल्या एका मुलीने मला त्यांच्याकडे नेलं होतं. त्या एकट्याच राहत. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे त्यांना कोणी विचारू शकत नव्हतं. मला त्यांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न केला, "सकाळी उठायला हाका माराव्या लागतील काय?" मी नाही म्हटलं. "मग राहा," त्या म्हणाल्या. रस्त्याकडच्या खोलीतल्या खिडकीपाशी त्यांनी माझं टेबल लावून दिलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. अभ्यासासाठी वेगळं टेबल असतं, हे मी तोवर दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं.

मावशींचे वडील कुडाळकडून येऊन गिरणीत लागले होते. मावशी स्वतः एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढण्याच्या कामावर होत्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. ते काम त्यांच्या अंगातून शेवटपर्यंत गेलं नाही. फोटो घेताना समोरच्याला त्या "हसा" म्हणत नसत, "श्वास रोखा" म्हणत, आणि माणसं खरंच रोखत. मुलुंडला एका तळमजल्याच्या खिडकीत एक आजोबा असेच छाती फुगवून बसले. मावशींचा फोटो काढून झाला, त्या मोबाइल पर्समध्ये ठेवू लागल्या, तरी आजोबा लाल होत तसेच. मीच ओरडले, "आजोबा, सोडा!" परत येताना मावशी म्हणाल्या, "बघ, सांगितलेलं ऐकणारी माणसं अजून शिल्लक आहेत."

रविवारी त्यांचं फिरणं असे आणि परीक्षा नसली तर मीही जाई. बोरिवलीच्या गावठाणातल्या जुन्या लाकडी चौकटी, चारकोपच्या सेक्टरांमधल्या बाहेर काढलेल्या जाळ्या आणि त्यात कोंबलेल्या कुंड्या, सायकली, पाण्याचे पिंप, अंधेरीतल्या कचेऱ्यांच्या निळ्या काचा, हे सगळं त्यांना सारखंच आवडे. बायका म्हणत, "थांबा हं, वाळत घातलेले कपडे काढते." मावशी म्हणत, "कित्याक? कपडे तुमचे नाहीत काय?" फोटो नंतर छापून आणून त्या ज्याच्या त्याला नेऊन देत. त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर एकही नव्हता. एकदा मढला शूटिंगसाठी भाड्याने देतात तसल्या एका बंगल्याची खिडकी मला फार आवडली. पांढरी चौकट, रंगीत काचा, आत झालरीचा पडदा. रखवालदार म्हणाला, "घ्या ना फोटो, कोणी राहत नाही. मागे खोलीपण नाही, नुसती भिंत आहे." मावशी मागे वळल्या. मी म्हटलं, "अहो, घ्या ना, तो हो म्हणाला." तर म्हणाल्या, "तो हो म्हणेल गो. पण आतून हो म्हणणारं कोण आहे?"

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगे तेव्हा ती हसत. त्यांतला एक फोटो काढण्यात तरबेज होता. तो म्हणाला, काचेतलं प्रतिबिंब घालवायचं असलं तर जरा तिरकं उभं राहायचं. मी ते मावशींना सांगितलं. "कशाला घालवायचं?" त्या म्हणाल्या. "काच रस्त्यावर आहे तर रस्ता दिसणारच. आणि रस्त्यावर माणसं राहतात. त्यांना विचारलं की झालं."

मी दुसऱ्या वर्षाला गेले त्या सुमारास गावाकडे माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं. एक स्थळ आलं होतं. मोठ्या काकांचं म्हणणं होतं, की शिकली तेवढं पुष्कळ झालं. काकांचा एक प्रश्न आईने मला फोनवर सांगितला, तो ते बाबांना रोज विचारत: "परक्याच्या घरात राहते पोरगी. तिथं तिच्याकडे पाहाले हाये कोण?" बाबा बाजार समितीत हमाली करतात. मला शिकवायचं हे त्यांनीच ठरवलं होतं, पण भावकीत एकट्याने किती दिवस बोलणार? एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "तू राहते कुठं, मले फोटो तं धाड."

मी मावशींना घराचे फोटो काढायला सांगितले. त्यांनी खिडकीचा एकच काढला. "खिडकी बघितली की माणूस कसं राहतं ते कळतं," म्हणाल्या. मला टेबलाशी बसवलं आणि स्वतः खाली रस्त्यावर गेल्या. एक सरकती काच उघडी, तिच्यात मी. दुसरी बंद, आणि दुपारच्या उन्हात तिच्यावर समोरची गुलाबी इमारत लख्ख उमटलेली, वरच्या गॅलरीसकट आणि गच्चीवरच्या निळ्या पत्र्यासकट. खालून हाक आली, "श्वास रोख!" मग त्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे हंसाबेन राहत. त्यांना फोटो दाखवून, त्यांचा होकार घेऊन, मगच तो बाबांना पाठवला.

पुढच्याच रविवारी, मला काही न कळवता, बाबा मुंबईत आले. मला घेऊन जायला आले होते. पत्ता दाखवत दाखवत ते गल्लीपर्यंत पोहोचले आणि तिथे त्यांनी मोबाइलवरचा फोटो उघडला. फोटोत ठळक इमारत एकच होती, गुलाबी. बाबांनी मान वर केली, समोर तीच गुलाबी इमारत, तोच निळा पत्रा. ते आमच्या घराकडे पाठ करून थेट समोर चढले आणि त्यांनी हंसाबेनची बेल वाजवली.

पुढचं हंसाबेन गल्लीत ज्याला त्याला सांगत, म्हणून मला पाठ आहे. बाबा म्हणाले, "सुजाता इथंच राहते ना?" आणि फोटो पुढे केला. हंसाबेननी तो लगेच ओळखला. "अरे काका, ये तो आमचीच गॅलरी! खिडकीबाई मला विचारून गेली ना! तुम्ही काचेतल्या घरात आलात! मुलगी त्या बाजूला, या, या, दाखवते." त्यांनी बाबांना गॅलरीत नेऊन उभं केलं. "बघा. पूरा दिवस वाचते. मी माझ्या नातवाला रोज दाखवते तिला. त्याला काही फरक पडत नाही, ते वेगळं."

मी त्या वेळी टेबलाशी होते. केसांत पेन्सिल खोचून काहीतरी पाठ करत होते. मावशी पोह्यांची बशी घेऊन आल्या, ती पुस्तकावरच ठेवली आणि सवयीने त्यांनी बाहेर पाहिलं. समोर हंसाबेनच्या गॅलरीत एक अनोळखी, रापलेला माणूस कठडा धरून आमच्याच खिडकीकडे टक लावून उभा होता.

"ओ!" मावशी ओरडल्या. सगळ्या गल्लीने वर पाहिलं. "ओ मिष्टर! काय बघताय? कोणाला विचारलंत?"

मी मान वर केली. हातातली पिशवी उंच धरून बाबा तिकडून ओरडत होते, "मी बाप हाये तिचा!"

"बाप असाल!" मावशींचा आवाज तसूभर खाली आला नाही. "म्हणून तिकडून बघायचं? खाली उतरा, इकडे जिन्याने वर या, दार वाजवा, मग बघा!"

हंसाबेन पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी उठून दार उघडलं. बाबा कशाला आलेत ते मला त्यांना पाहताक्षणीच कळलं होतं आणि त्यात मावशींनी त्यांना भर गल्लीत झापलं होतं. आता सगळं संपलं, असंच मला वाटलं.

बाबा आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी वाजवलं. मावशींनी पाणी दिलं, पोहे दिले, आणि त्यांचं खाऊन झाल्यावर सरळ विचारलं, "न्यायला आलात काय?"

"आलो तं त्याच्यासाठीच होतो," बाबा म्हणाले. मग त्यांनी खिडकीतून पलीकडच्या गॅलरीकडे बोट केलं. "तिथून हिचा आवाज येत नव्हता. व्हट हालत होते नुसते. शाळेत जाची, तवा चुलीपाशी बसून अशीच पाठ करे." मग मावशींकडे वळून म्हणाले, "मोठा भाऊ मले इचारते, तिथं पोरीकडे पाहाले हाये कोण. आता सांगतो त्याले. मी सख्खा बाप, म्या जरासं पाह्यलं तं तिथल्या बाईनं मले खाली उतरवलं."

मावशी एवढंच म्हणाल्या, "चहात साखर किती?" आणि आत गेल्या. चहाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच गावी परतले. स्थळाला नकार कळवला. काकांना त्यांनी हा प्रसंग इतक्यांदा सांगितला, की पुढे काका स्वतःच तो दुसऱ्यांना सांगू लागले, आणि त्यांच्या सांगण्यात मावशींच्या हातात लाटणं असे. मी एम.एस्सी. झाले आणि अंधेरीला औषधांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागले. राहायचे मात्र मावशींकडेच. आमच्या तालुक्याच्या शाळेत माझं नाव आता गुणवंतांच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. ते पाहताना मला अभिमान वाटतो, पण शेजारी मावशींचंही नाव हवं होतं, असंही प्रत्येक वेळी वाटतं.

मावशींना पुढे जिना चढवेनासा झाला आणि त्यांनी कुडाळला भावाकडे जायचं ठरवलं. सामान न्यायला पुतण्या टेम्पो घेऊन आला. हंसाबेन गॅलरीतून उघड उघड रडत होत्या आणि मावशी खालून त्यांना सांगत होत्या, "रडा नंतर, आधी ती दोरी टाका खाली." सामान बांधून झाल्यावर मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं.

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग तू घरी कशी?"

"रजा घेतली, मावशी. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" त्या पुतण्याकडे वळल्या. "ऐकलंस? मी मेलंय काय, हिने रजा घेतली ती?" मग माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, "बापाने तुला इथे ठेवली ती सामान उचलायला नाही गो. दुपारपासून तरी जा."

टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी रस्त्यात उभी राहिले. मग वर जाऊन तोंड धुतलं, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि निघाले. प्रयोगशाळेत शिरताना साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "अरे, तुझी रजा मंजूर केली होती ना मी?"

"हो सर," मी म्हटलं, "घरून मंजूर झाली नाही."