शेवटचा बोल्ट

ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या आमच्या गल्लीत कुणाला गाडीमागे ट्रेलर जोडायचा लोखंडी आकडा, म्हणजे 'हिच', बसवायचा असला, की शेजारचे काका एक मोठा पुठ्ठा काखेत मारून येतात. तो ड्राइव्हवेवर अंथरून गाडीखाली सरकतात आणि तिथूनच संथ आवाजात बोलत राहतात. आमच्या एसयूव्हीखालून म्हणाले, "इथून सरळ वर, उत्तरेला जायचं. मोठा पूल ओलांडला की नुसती झाडं. पहाटे तळ्यावर धुकं असतं बघ." ते स्वतः तिकडे कधी गेलेले नाहीत, हे मला माहीत होतं. तरी ते धुकं मला दिसत होतं.

बोल्ट पुरेसा आवळला की पाना 'टक्' करतो. तेवढं ऐकायला ते गप्प होतात, मग आवळल्याची खूण म्हणून बोल्टवर पिवळ्या पेनाने रेघ ओढतात.

तीन रेघा झाल्यावर ते बाहेर आले. "शेवटचा सोबत येणाऱ्याने आवळायचा. बायकोला बोलाव."

ती कणकेचे हात धुऊन आली आणि पुठ्ठ्यावर आडवी झाली. टक्. रेघही त्यांनी तिलाच ओढायला लावली.

"काका, हिच तर तुमच्याही गाडीला आहे. कधी निघताय?"

"काकू म्हणते, पुढच्या समरला बघू."

तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली आणि ते गेले. विसरलेला पुठ्ठा ठेवायला मी त्यांच्या ड्राइव्हवेवर गेलो, तेव्हा सहज वाकून गाडीखाली पाहिलं. तीन पिवळ्या रेघा फिकट झाल्या होत्या. चौथ्या बोल्टवर रेघ नव्हती. गंजू नये म्हणून त्याला ताजं तेल मात्र लावलेलं होतं.