बाटलीभर लीद

बहात्तरच्या दुष्काळात मी पुणतांब्याच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. गाई-बैलांतून मान वर काढायला सवड नव्हती. घोडं कधीतरीच यायचं. म्हणून स्टेशनवरचा टांगेवाला आपली घोडी घेऊन आला, तेव्हा मला बरंच वाटलं.

घोडीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, पोट मात्र सुटलेलं, केस राठ. मला जंतांचा संशय आला. त्यासाठी लीद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवी होती. मी बाटली घेऊन तिच्या मागं उभा राहिलो. ती शेपटी उचलायची, मी बाटली पुढं करायचो, ती माशी हाकलून पुन्हा शांत. माझा स्वभाव मुळात तापट. शेवटी बाटली टांगेवाल्याच्या हातात कोंबली आणि सकाळी ताजी लीद भरून आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. तोंडाला धुतलेलं फडकं, वरून दोरा, अगदी लोणच्याच्या बरणीसारखी. पण काचेवर जंताचं एकही अंडं दिसेना. तसं सांगितल्यावर टांगेवाल्याचा चेहरा उतरला.

"मंग तिचं वयच झालं म्हना की. येत्या बाजारात इकून टाकतो," तो म्हणाला आणि बाहेर टांग्याला जुंपलेल्या घोडीच्या आयाळीतून हात फिरवत राहिला. त्याला ती विकायची नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

तो गेल्यावर माझं मन मानेना. घोडं कुठं पेंड खातंय ते कळत नव्हतं. बाटली पुन्हा उघडली, तर लिदीत हरभऱ्याची टरफलं. आणि घोडीला कडब्याशिवाय काही मिळत नाही, हे त्यानंच मला सांगितलेलं. माझं डोकं फिरलं. सायकल काढली आणि त्याचं घर गाठलं.

"ही लीद कुणाची?" मी दारातूनच विचारलं.

त्यानं आत बायकोकडं बघितलं. चुलीपुढून त्याची बायको उठून आली.

"शेजारच्या पाटलाच्या घोड्याची. आमच्या घोडीची लई घान, वास मारती. तुमच्यासारख्या मानसाच्या हातात तसली कशी द्यायाची? म्या येचून येचून चांगली भरली. काय चुकलं व्हय?"

पाहुण्याला चांगल्यातलं चांगलं वाढावं, एवढाच तिचा विचार. मी भांडायला आलो होतो, पण मला हसूच फुटलं.

"वहिनी, मला वाईटच हवी होती," मी म्हणालो.

त्या दिवशी घोडीलाही माझी दया आली, तिनं लगेच लीद टाकली. दवाखान्यात नेऊन पाहिली, तर काचेवर नुसती अंडीच अंडी. जंताचं औषध कोंड्यात कालवून दिलं, काही आठवड्यांनी पुन्हा दिलं. बाजाराचं नाव मग त्या घरात कुणी काढलं नाही.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं. दिवाळीची सुटी संपवून मी स्टेशनवर उतरलो, तर टांगेवाल्यानं माझी पिशवी आधीच उचललेली. घोडीची पाठ भरली होती, अंगावर तकाकी आली होती. टांगा निघाला, आणि तिला तसं धावताना बघून मला फार आनंद झाला.

अर्ध्या वाटेत तिनं शेपटी उचलली. त्यानं लगाम ओढला आणि मागं वळला.

"डाक्टर, बाटली हाय का? ही तिचीच हाय."

बाटली नव्हती. तरी मी खाली उतरलो आणि वाकून पाहिलं. लीद चांगली बांधलेली होती, आणि तिच्यात हरभऱ्याची टरफलं होती.