प्रिस्काने गाळलेली ओळ

मुरारच्या चर्चमध्ये दोन वर्षं दृढीकरणाचा वर्ग घेतला की पदरी बाकी काही पडो न पडो, किस्से भरपूर पडतात. मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव. कमिटीतले काका म्हणतात, बाहेर बोलू नकोस. म्हणून लिहितेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीनं आईबाप 'हो' म्हणतात. तेच मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की सगळ्या मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणतं. देवाचं बळ मिळावं म्हणून बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि तेव्हापासून त्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेता येतं. हेच दृढीकरण. त्याआधी काही महिने दर रविवारी वर्ग, आणि शेवटी कमिटीसमोर तोंडी परीक्षा. मुरार हिंदी मुलखात, त्यामुळे आमच्याकडे हे सगळं हिंदीत चालतं, मी मराठीत सांगतेय एवढंच.

*

वर्ग माझ्याकडे आला, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मी जयेंद्रगंजला एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते, तेव्हा पोरं सांभाळता येत असतील असा सगळ्यांचा अंदाज.

साळवेकाका आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. चर्चमध्ये मराठी घरं दोन-तीनच, त्यातलं एक त्यांचं, एक आमचं. त्यामुळे मला दम द्यायचा हक्क त्यांना माझ्या जन्मापासून आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तू फक्त पाठांतर करून घे. समजावून सांगायला पादरीसाहेब आहेत."

मी पादरीसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "समजावून सांगायलाच तर तुला ठेवलंय."

दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही. माझं बरं चाललं.

*

वर्गात अमन नावाचा एक मुलगा होता. त्याला शंका यायच्या, आणि त्या नेमक्या तास संपताना यायच्या. दहा आज्ञांपैकी आईबापांचा मान राखायची आज्ञा शिकवून झाली, तर यानं हात वर केला. "दीदी, मम्मी-पापा आपसातच भांडत असतील तर कोणाच्या बाजूनं मान राखायचा?"

मी म्हटलं, ज्याचं खरं असेल त्याचं खरं म्हणायचं. मानाला त्यानं धक्का लागत नाही.

पुढच्या रविवारी अमनचे पापा मला गेटवरच भेटले. फार नम्रपणे म्हणाले, "मॅडम, वर्गात काय शिकवता ते जरा आम्हालाही आधी सांगत जा. तयारी करायला वेळ मिळत नाही."

*

मग दुपट्ट्याचं झालं. दृढीकरणाच्या दिवशी मुलींनी डोक्यावर पांढरा दुपट्टा घ्यायचा, मुलांनी काही नाही. अमननं विचारलं, असं का? मी म्हटलं, मला पटेल असं उत्तर मलाही कोणी दिलेलं नाही, कमिटीला विचार.

त्यानं विचारलं नाही. त्याऐवजी पुढच्या रविवारी वर्गातले सगळे मुलगे डोक्यावर पांढरे रुमाल टाकून हजर.

साळवेकाका वर्गात डोकावले आणि भडकले. "चर्चमध्ये पुरुष डोकं झाकत नाहीत."

"क्यों, काका?" अमननं विचारलं.

"आमच्या वेळी असले प्रश्न कोणी विचारले नव्हते."

मागच्या बाकावरून प्रिस्का म्हणाली, "म्हणून आम्हाला विचारावे लागतायत."

ही प्रिस्का साळवे. काकांची सख्खी पुतणी.

*

प्रिस्का वर्गात सगळ्यांत कमी बोलायची आणि सगळ्यांत नीट ऐकायची. प्रभूची प्रार्थना पाठ म्हणून घेताना माझ्या लक्षात आलं की ती एक ओळ गाळते. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, या अर्थाची ओळ. सगळे म्हणत असतात आणि ती तोंड मिटून उभी. पुढच्या ओळीला परत सुरू.

वर्ग सुटल्यावर मी विचारलं. बाकीच्यांना कळू नये म्हणून ती मराठीत बोलली.

"ताई, मी काकांना माफ केलेलं नाही. मग केलंय असं देवाला कसं सांगू?"

तिचे वडील गेले, आणि वर्ष व्हायच्या आत साळवेकाकांनी तिला आणि तिच्या आईला घर सोडायला लावलं. चर्चमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. कमिटीतले दोघे तर समजूत घालायला घरी गेले होते. समजूत घातली ती तिच्या आईची.

आईला हे दृढीकरण फार हवं होतं. आणि प्रिस्काला आईपेक्षा जास्त हवं होतं. सोपं होतं, एक ओळ ओठ हलवून म्हणायची आणि मोकळं व्हायचं. तिला तसं सांगायची माझी तयारी नव्हती.

"नको म्हणूस," मी म्हटलं.

*

तोंडी परीक्षेला नेमकी प्रार्थनाच तिच्या वाट्याला आली. तिनं ती ओळ गाळली. लगबगीनं नाही, नीट थांबून.

"एक ओळ राहिली," साळवेकाका म्हणाले.

"माहीत आहे."

"मग म्हण."

"ती अजून खरी नाही."

कमिटीनं मुलीला बाहेर पाठवलं आणि ठरवलं, या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू. मी उभी राहिले. म्हटलं, ज्यांनी घोकून म्हटलं ते सगळे पास, आणि जिनं एकेक शब्द तोलून म्हटला ती नापास, ही कसली परीक्षा?

"फार शिकलीस, हाच तुझा प्रॉब्लेम आहे," काका म्हणाले.

"शिकवायलासुद्धा तुम्हीच बसवलंत."

पादरीसाहेबांना दोन्हीकडचं वाईटपण नको होतं. त्यांनी निर्णय बिशपसाहेबांवर ढकलला. घरी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. काकांची माफी माग, म्हणे. मी म्हटलं, मागेन, पण ती खरी झाली की.

*

दृढीकरणाच्या दिवशी बिशपसाहेब आले ते उपासनेच्या थोडं आधी. पादरीसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्याबरोबर सगळी कमिटी चहाला बसली होती. ट्रे माझ्या हातात. मुलीला नापास करायला कमिटी लागते, चहा द्यायला मात्र मी एकटी पुरते.

साळवेकाकांनी तक्रार मांडली, मुलगी हट्टी आहे, शिकवणारी तिच्याहून हट्टी आहे. बिशपसाहेबांनी प्रिस्काला आत बोलावलं. ती पांढरा दुपट्टा घडी करून हातात धरून आली. घ्यायचा की नाही हेच ठरलेलं नव्हतं.

त्यांनी प्रार्थना म्हणायला सांगितली. तिनं म्हटली. त्याच ठिकाणी थांबली, पुढे गेली, संपवली.

"तू कोणाला तरी क्षमा केलेली नाहीस, असं दिसतं."

"हो."

"मग दृढीकरण कशाला हवंय?"

"दीदींनी सांगितलं, त्यानं बळ मिळतं. माझं बळ कमी पडतंय. असतं तर कधीच माफ केलं असतं."

बिशपसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि अगदी हळू विचारलं, "बेटा, तो माणूस कोण?"

मी काकांकडे बघितलं. प्रिस्कानं बघितलं नाही. तिची नजर बिशपसाहेबांवरच होती.

"नाव नाही सांगणार," ती म्हणाली. "इथेच बसलेत. चहा पितायत."

एकेक कप बशीत टेकल्याचा आवाज आला.

बिशपसाहेब उठले आणि पादरीसाहेबांना म्हणाले, "हिला पहिल्या रांगेत बसवा."

घंटा झाली. सगळे चर्चकडे गेले. मी ट्रे घेऊन कप गोळा करायला लागले. काकांचा अर्धा उरला होता. पादरीसाहेबांचाही. कमिटीतल्या एकेकाचा बघत गेले, सगळ्यांचे तसेच.

बिशपसाहेबांचासुद्धा.